नानींचा आवाज खरखरतो तेव्हा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांचा विषय एकच आहे. त्यातले कल्याणच्या एका भगिनीचे पत्र सगळ्यांत मुद्देसूद आहे, म्हणून तेच पुढे ठेवते. त्या लिहितात : "आमच्या नानी मढला राहतात, मामू दुबईला आणि मी कल्याणला. दर जुम्म्याला रात्री आम्ही तिघे इंटरनेट कॉलवर जमतो. नानी जुन्या गोष्टी सांगतात आणि मी त्या रेकॉर्ड करते. परदेशातल्या मुलांसाठी त्याचा पॉडकास्ट करायचा आहे. पण नंतर ऐकायला बसले की नानींचा आवाज कधी विहिरीतून आल्यासारखा वाटतो, कधी तुटतो, कधी शब्दच गायब होतात. नवा माइक घ्यावा का? कोणता?"

भगिनी, माइक लगेच घेऊ नका. आधी दोष कुठे आहे ते शोधू. घरात बल्ब लागला नाही तर आपण लगेच नवा बल्ब आणत नाही. बटण बघतो, फ्यूज बघतो, शेजारी लाइट आहे का ते विचारतो. आवाजाचेही तसेच आहे.

त्याआधी एक गोष्ट सांगते, म्हणजे एवढा खटाटोप कशासाठी ते लक्षात राहील. आपला जुन्नर एके काळी हातकागदासाठी ओळखला जायचा. तो कागद पेशव्यांच्या दफ्तरापर्यंत पोहोचला, आणि तो बनवणारी कागदी घराणी मुसलमानांची होती. त्या कागदावर हिशेब राहिले, करारमदार राहिले. पण त्या घरांतल्या बायका रात्री चुलीपुढे बसून काय बोलत, कोणत्या शब्दांत मुलांना रागवत, लग्नात काय गात, हे ऐकायचे कुठे? आज ऐंशीच्या पुढे असलेल्या नानी-दादींच्या तोंडी अजून ती भाषा आहे. घरात दखनी, बांधावर मराठी आणि दोन्हींच्या मधले असे कितीतरी शब्द, जे ना उर्दूच्या लुगतमध्ये सापडतात ना मराठीच्या शब्दकोशात. माणूस त्या वयाचा असला की गोष्ट दुसऱ्यांदा तशीच सांगत नाही. पहिल्यांदा सांगताना जो तपशील येतो, जो हुंदका किंवा हसू येते, ते पुन्हा येईल याची खात्री नाही. म्हणून रेकॉर्डिंग पहिल्याच वेळी नीट झाले पाहिजे.

आवाजाचा प्रवास

नानी बोलल्या आणि ते तुमच्या फाइलमध्ये उतरले, या दोन गोष्टींच्या मध्ये सहा ठिकाणे आहेत. पहिले ठिकाण म्हणजे खोली. दुसरे माइक. तिसरे मोबाइलमधली सफाई, म्हणजे गोंगाट आणि प्रतिध्वनी काढून टाकणारी यंत्रणा. चौथे आवाजाची आवळणी, कारण इंटरनेटवरून पाठवायचा आवाज आधी लहान केला जातो. पाचवे रस्ता, म्हणजे नेटवर्क. आणि सहावे तुमच्याकडचा मोबाइल, जो तो आवाज पुन्हा उलगडतो. दोष यांपैकी कुठेही असू शकतो, आणि माइक हे सहातले फक्त एक ठिकाण आहे.

पहिली चाचणी अगदी सोपी आहे, आणि निम्मे उत्तर तीच देते. नानींच्याच मोबाइलवर, त्याच खोलीत, त्याच जागी बसून, कॉल न लावता साधा रेकॉर्डर सुरू करा आणि त्यांना दोन मिनिटे बोलायला सांगा. मग इयरफोन लावून ऐका. हे रेकॉर्डिंग स्वच्छ असेल, तर खोली आणि माइक ठीक आहेत, दोष पुढच्या चार ठिकाणी आहे आणि नव्या माइकने काहीही सुधारणार नाही. हेच रेकॉर्डिंग खराब असेल, तर इंटरनेटला दोष देऊन उपयोग नाही. सुधारणा मढच्या घरातच करायची आहे.

लक्षणावरून दोष

हकीम नाडी बघतो तसा आपण कान लावायचा. प्रत्येक दोषाचा आवाज वेगळा असतो.

आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमत असेल, तर दोष खोलीचा आणि अंतराचा आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तीन मीटरवरच्या कोऱ्या भिंतीला आपटून तो परत यायला सेकंदाचा पन्नासावा भागसुद्धा लागत नाही. एवढ्या कमी वेळात आलेला प्रतिध्वनी वेगळा ऐकू येत नाही. तो मूळ शब्दात मिसळतो आणि शब्द गढूळ होतो. शहाबादी फरशी, प्लॅस्टरच्या भिंती आणि वर पत्रा अशा खोलीत हे हमखास होते. इलाज घरातच आहे. बोलणाऱ्याच्या समोर आणि पाठीमागे दोरीवर जाड गोधडी टाका. खाली सतरंजी अंथरा. कपड्यांनी भरलेले उघडे कपाट किंवा रचलेल्या गाद्या शेजारी असतील तर उत्तमच. स्टुडिओच्या भिंतीला जे मऊ पडदे लावतात, त्यांचे काम गोधडी बऱ्यापैकी करते.

दुसरी गोष्ट अंतराची. मोबाइल तोंडापासून दुप्पट लांब गेला की थेट पोहोचणाऱ्या आवाजाची ताकद चौथ्या भागावर येते. चौपट लांब गेला तर सोळाव्या भागावर. खोलीतला गोंगाट मात्र तेवढाच राहतो. म्हणून टेबलावर ठेवलेल्या मोबाइलमध्ये पंखा मोठा आणि नानी लहान ऐकू येतात. मोबाइलचा बोलायचा माइक खालच्या कडेला, चार्जिंगच्या खाचेजवळच्या बारीक छिद्रात असतो. ते छिद्र तोंडापासून वीतभर अंतरावर, पण तोंडाच्या अगदी समोर नको, किंचित बाजूला असावे. समोर धरले तर प, फ, ब, भ म्हणताना निघणारी हवा माइकवर आदळते आणि फट् फट् असा आवाज येतो. मोबाइलचे कव्हर किंवा हाताचे बोट त्या छिद्रावर येत नाही ना ते पाहा. छिद्रात पीठ, धूळ बसली असेल तर कोरड्या मऊ ब्रशने झटका. टाचणी घालू नका, आतला पडदा फाटतो.

आवाज जुन्या फोनसारखा बसका, नाकातला येत असेल, तर ब्लूटूथ इयरफोनवर शंका घ्या. गाणी ऐकताना जे इयरफोन छान वाजतात, तेच बोलायला घेतले की वेगळ्या पद्धतीने चालतात. एकाच वेळी ऐकायचे आणि बोलायचे म्हटले की ब्लूटूथ कॉलच्या जुन्या पद्धतीवर उतरतो, आणि आवाजाचे सेकंदाला आठ हजार किंवा सोळा हजारच नमुने घेतो. जितके नमुने, त्याच्या निम्म्या कंपनांपर्यंतचाच आवाज टिकतो. आठ हजार नमुने म्हणजे चार हजार कंपनांच्या वरचे सारे गेले. जुन्या टेलिफोनची मर्यादाही सुमारे ३०० ते ३४०० कंपने एवढीच होती. स्वर त्यात बसतात, पण स, फ, ज़ यांची धार बरीचशी चार हजारांच्या वर असते. म्हणून फोनवर नाव सांगताना आपल्याला "स, सफरचंदाचा स" असे सांगावे लागते. उर्दू बोलणाऱ्याला याचा त्रास अधिक होतो, कारण ज आणि ज़, फ आणि फ़ यांतला फरक त्याच धारेवर उभा असतो. इलाज : रेकॉर्डिंगपुरते ब्लूटूथ बाजूला ठेवा आणि वायरचा साधा इयरफोन घ्या.

शब्दाचे सुरुवातीचे अक्षर खाल्ले जात असेल, तर तो मोबाइलमधल्या सफाईचा उद्योग आहे. कॉलचे अॅप पंख्याचा, कुकरचा, रस्त्याचा आवाज ओळखून काढून टाकते. पण "स" हा आवाज त्याला वाऱ्यासारखाच वाटतो, आणि वृद्ध माणसाचा हलका "स" तर सहज कापला जातो. मग नानी म्हणतात "साठ" आणि फाइलमध्ये उरते "आठ". आता विचार करा, नानी आपल्या मेहरची रक्कम सांगत आहेत, किंवा घर कितीला घेतले ते सांगत आहेत. साठाचे आठ झाले तर पुढची पिढी चुकीचा हिशेब खरा मानून चालेल. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर भरत होती, तेव्हा शुद्धलेखनाच्या तासाला हे आम्ही रोज पाहिले. वर्गात अचूक लिहिणारी मुले कॉलवर भलतेच शब्द लिहीत. मुलांचे कान ठीक होते, अक्षरेच त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हती.

यावर उपाय असा की सफाई करायला यंत्राला कमीत कमी काम ठेवायचे. पंखा, फ्रिज, टीव्ही बंद असेल तर यंत्र कापाकापी कमी करते. झूमसारख्या अॅपमध्ये "ओरिजिनल साउंड" नावाची सोय असते. ती सुरू केली की ही सफाई बरीचशी थांबते. पण ती सोय खोली शांत असेल आणि सगळ्यांच्या कानात इयरफोन असतील तेव्हाच वापरावी, नाहीतर प्रतिध्वनी मोकाट सुटतो.

तुमचा स्वतःचाच आवाज थोड्या वेळाने तुम्हाला परत ऐकू येत असेल, तर लक्षात ठेवा, दोष समोरच्याकडे आहे. तुमचा आवाज तिथल्या स्पीकरमधून निघतो, तिथल्या माइकमध्ये शिरतो आणि फिरून तुमच्याकडे येतो. तुम्ही आपल्या मोबाइलवर कितीही बटणे दाबली तरी तो थांबणार नाही. नानींना कमी ऐकू येते म्हणून स्पीकर पूर्ण मोठा केलेला असतो, हे बहुतेक घरांतले खरे कारण आहे. त्यांच्या कानात वायरचा इयरफोन घातला की हा त्रास संपतो, आणि त्यांना ऐकूही जास्त स्पष्ट येते. कानात घालणे जमत नसेल तर कानावर बसणारा मोठा हेडफोन बघा. ओढणीवरूनही तो बसतो.

याच्याशी जोडलेली आणखी एक सवय आहे. आपण ऐकताना सारखे "हां, हां", "अच्छा?", "हाय अल्लाह!" म्हणत राहतो. समोरासमोर ते प्रेमाचे लक्षण आहे. कॉलवर मात्र त्याच क्षणी यंत्र समोरच्या माइकचा आवाज दाबते, कारण प्रतिध्वनी रोखायचा तर दोन्ही बाजू एकदम मोठ्या ठेवता येत नाहीत. तुमच्या प्रत्येक "हां"ला नानींचा एकेक शब्द जातो. व्हिडिओ चालू असेल तर मान हलवा, हसा, हात हलवा. तोंड मात्र मिटलेले ठेवा. प्रश्न विचारायचा असेल तर त्यांचे वाक्य पूर्ण होऊ द्या आणि मनात दोन मोजून मग बोला.

आवाज यंत्रमानवासारखा होत असेल किंवा मधले तुकडे गळत असतील, तर तो रस्त्याचा दोष. कॉलचा आवाज सलग वाहत नाही. साधारणपणे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे तुकडे करून तो पाठवला जातो, म्हणजे सेकंदाला पन्नास पाकिटे. काही पाकिटे हरवतात, काही उशिरा येतात. उशिरा आलेले पाकीट वाट न बघता टाकून दिले जाते, आणि यंत्र मधली जागा अंदाजाने भरते. तो अंदाज म्हणजे तुम्हाला ऐकू येणारा यंत्रमानव. इथे नेटचा वेग फार महत्त्वाचा नसतो. नुसत्या आवाजाच्या कॉलला सेकंदाला शंभर किलोबिटसुद्धा पुरतात. महत्त्वाचे असते ते सातत्य. म्हणून वेग मोजण्याच्या अॅपवर आकडा मोठा दिसला तरी कॉल तुटू शकतो. रेकॉर्डिंगच्या वेळी व्हिडिओ बंद ठेवून पाहा. घरातल्या इतर मोबाइलवर कुणी रील्स बघत असेल तर त्याला अर्धा तास थांबायला सांगा. मढसारख्या डोंगराकडेच्या गावात घरातल्या एका कोपऱ्यात रेंज असते आणि दुसऱ्यात नसते. दोन-तीन जागी बसून पाच-पाच मिनिटांचे कॉल लावा आणि जागा ठरवा. त्या जागेवरून मग हलू नका.

घुं घुं असा एकसारखा आवाज मागे येत असेल तर चार्जर काढून पाहा. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तने पूर्ण करते, आणि खराब चार्जरमधून तीच घरघर माइकच्या वायरीत उतरते. रेकॉर्डिंगच्या आधी मोबाइल आणि लॅपटॉप पूर्ण चार्ज करावा आणि मग वायर काढून ठेवावी.

लॅपटॉपवर इयरफोनचा माइक लावूनही आवाज लांबून येत असेल तर यंत्र कोणता माइक ऐकत आहे ते तपासा. इयरफोनच्या माइकवर नखाने हलके खरवडा, मग लॅपटॉपच्या झाकणावर खरवडा. ज्याचा आवाज मोठा, तो माइक चालू आहे. चुकीचा असेल तर कॉलच्या अॅपमधल्या आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन बदला.

कॉल तुटला तरी रेकॉर्डिंग तुटू नये

आता खरा उपाय. वरचे सगळे करूनही मढचे नेटवर्क आपल्या हातात नाही. पावसाळ्यात माळशेजच्या बाजूने ढग आले की रेंज जाते आणि पत्र्यावर पाऊस एवढा वाजतो की समोर बसलेल्याचे ऐकू येत नाही. म्हणून जगभरचे पॉडकास्ट करणारे लोक एक साधी युक्ती वापरतात. कॉल फक्त एकमेकांना ऐकण्यासाठी ठेवायचा आणि रेकॉर्डिंग प्रत्येकाने आपापल्या घरी, आपापल्या यंत्रावर करायचे. मग तिन्ही फाइली एकत्र जोडायच्या. नानींचा आवाज इंटरनेटवरून गेलाच नाही, तर इंटरनेट त्याचे काय बिघडवणार?

यात एक अडचण आहे, ती आधीच समजून घ्या. ज्या मोबाइलवर कॉल चालू आहे, त्याच मोबाइलवर रेकॉर्डर लावला तर बहुतेक वेळा रेकॉर्डरला माइक मिळतच नाही. फाइल तयार होते, पण कोरी. म्हणून प्रत्येक घरी दोन मोबाइल लागतात : एक कॉलसाठी आणि दुसरा रेकॉर्डिंगसाठी. दुसरा नवा असण्याची गरज नाही. कपाटात पडलेला, स्क्रीनला तडा गेलेला जुना मोबाइल चालतो. तो फ्लाइट मोडवर टाकावा, म्हणजे मध्येच कुणाचा फोन येऊन रेकॉर्डिंग थांबणार नाही. उशी किंवा घडी केलेल्या टॉवेलवर, नानींच्या छातीच्या उंचीवर, तोंडापासून वीत-दीड वीत अंतरावर ठेवावा. टेबलावर थेट ठेवला तर पेल्याचा, बांगड्यांचा आवाज लाकडातून त्यात शिरतो.

जागा किती लागेल? उत्तम दर्जाची, न आवळलेली फाइल मिनिटाला सुमारे पावणेसहा एमबी होते, म्हणजे तासाला साडेतीनशे एमबीच्या आसपास. साध्या रेकॉर्डरची आवळलेली चांगली फाइल तासाला साठ एमबीच्या आत बसते. आपल्या कामाला तीही पुरेशी आहे.

सुरुवातीला सगळे रेकॉर्डर सुरू झाले की एकाने "एक, दोन, तीन" म्हणावे आणि सगळ्यांनी टाळी वाजवावी. कॉलमध्ये आवाज पोहोचायला थोडा उशीर लागतो, त्यामुळे टाळ्या अगदी एका क्षणी पडत नाहीत, पण फाइली जोडताना खूण मिळते. उरलेला फरक कानाने ऐकत सरकवता येतो. शेवटी पुन्हा एकदा टाळी वाजवा. दोन मोबाइलची घड्याळे अगदी सारखी चालत नाहीत, आणि तासाभरात फाइली किंचित मागेपुढे होतात. टाळीनंतर दहा सेकंद सगळ्यांनी गप्प बसावे. या शांततेत फक्त खोलीचा आवाज टिपला जातो. ऑडॅसिटी नावाचा मोफत प्रोग्राम संगणकावर मिळतो. त्याला हा नमुना दाखवला की बाकीच्या फाइलमधली तशीच घरघर तो कमी करू शकतो. हे काम हलक्या हाताने करावे, जास्त केले तर आवाज पाण्याखालचा वाटतो.

फाइल पाठवताना व्हॉट्सअॅपवर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. आणि नानींच्या घरी दुसरा मोबाइल नसेलच, तर व्हॉइस मेसेज हा गरिबाघरचा उपाय आहे. तुम्ही एक प्रश्न पाठवा, नातीने तो नानींना ऐकवावा, नानींनी त्यांच्या वेळेने उत्तर द्यावे. व्हॉइस मेसेज आधी मोबाइलमध्ये पूर्ण रेकॉर्ड होतो आणि मग पाठवला जातो, त्यामुळे त्यात पाकिटे गळत नाहीत. दुबईच्या मामूंसाठीही ही सोय लक्षात ठेवा. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअॅपचे कॉल सहसा लागत नाहीत, म्हणून तिथले आपले लोक बोटिमसारखी अॅप वापरतात. व्हॉइस मेसेज मात्र जातात.

मग माइक घ्यायचाच नाही का?

खोली नीट झाली, दुसरा मोबाइल मिळाला, तरी नानी बोलताना मान फिरवतात, मागे टेकतात आणि आवाज कमीजास्त होतो असे वाटले, तर कॉलरला लावायचा वायरचा छोटा माइक घ्या. काही शे रुपयांत तो मिळतो. घेताना त्याची पिन बघा. मोबाइलसाठीच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात. दोन रेघांची पिन कॅमेऱ्यासाठी असते आणि ती थेट मोबाइलला चालत नाही. मोबाइलला गोल खाच नसेल तर त्याच्या टाइप-सी खाचेला बसणारा माइक घ्या, आणि दुकानातच लावून दोन वाक्ये रेकॉर्ड करून पाहा. माइक ओढणीच्या आत नको, कापड घासले की खरखर होते. ओढणी पिनने बाजूला घेऊन माइक छातीच्या मध्यावर, हनुवटीपासून वीतभर खाली लावावा. त्या वेळेपुरता गळ्यातला दागिना आणि हातातल्या बांगड्या काढता आल्या तर बरे. नानींना आवडत नसेल तर राहू द्या. बांगड्यांचा आवाज गोष्टीत आला तर बिघडत नाही, नानी अवघडून बसल्या तर मात्र गोष्टच येणार नाही.

आवाजाची पातळी तपासताना रेकॉर्डरच्या पडद्यावरची लाट निम्म्या उंचीपर्यंत जावी. ती वरखाली कडेला टेकली तर आवाज फाटला असे समजा. हळू रेकॉर्ड झालेला आवाज नंतर मोठा करता येतो, फाटलेला आवाज शिवता येत नाही.

खोडदकडून शिकण्यासारखे

आपल्याच तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी ती टिपते. त्या लहरी कानाने ऐकायच्या नसतात, पण प्रश्न आपल्यासारखाच आहे : हवे ते फार हलके आणि नको ते फार मोठे. जागा निवडताना एक मोठा विचार हा होता की तिथे माणसाने निर्माण केलेला रेडिओ गोंगाट कमी असावा. एवढी मोठी यंत्रे असणारी माणसेसुद्धा आधी शांत जागा शोधतात, गोंगाट नंतर गाळू असे म्हणत नाहीत. आपणही तोच क्रम ठेवावा : आधी जागा आणि वेळ, मग अंतर, मग यंत्र.

वेळ म्हणजे काय, तर महामार्गावरची वाहतूक, शाळा सुटण्याची वेळ, शेजारच्या गिरणीची वेळ हे सगळे टाळायचे. अजान सुरू झाली तर थांबायचे. त्यात आदबही आहे आणि रेकॉर्डिंगची सोयही. वयस्कर माणसाचा आवाज सकाळच्या चहानंतर तासाभराने सर्वांत मोकळा असतो असा माझा अनुभव आहे. रात्री दहाला, दिवसभराच्या थकव्यानंतर, कॉल लावू नका. एका बैठकीला अर्धा तास पुरे. जवळ कोमट पाणी असू द्या.

दोन गोष्टी यंत्राबाहेरच्या

पहिली इजाजतची. नानींना स्पष्ट सांगा की हे रेकॉर्ड होत आहे, आणि कोण ऐकणार आहे तेही सांगा. "घरातली मुले ऐकतील" आणि "कुणीही मोबाइलवर ऐकू शकेल" यांत फार फरक आहे, आणि तो त्यांना कळेल अशा शब्दांत सांगणे आपले काम आहे. गोष्टीत एखाद्या सुनेचे, शेजारणीचे, भावाभावांतल्या वाटणीचे काही आले तर ते पॉडकास्टमधून काढा. मूळ फाइल घरात ठेवा. कुणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही अमानत असते, मग ती दिवाणखान्यात सांगितलेली असो की माइकसमोर.

दुसरी सांभाळण्याची. रेकॉर्डिंग संपले की त्याच दिवशी फाइलला नाव द्या : कोण बोलले, गाव कोणते, तारीख काय, विषय काय. "ऑडिओ ००४७" अशा नावाची फाइल दोन वर्षांनी कुणीही उघडत नाही. एक प्रत मोबाइलमध्ये, एक संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या गावी असलेल्या नातेवाइकाकडे ठेवा. आणि नानींनी घेतलेली माणसांची, गावांची नावे एका वहीत लिहून त्यांना वाचून दाखवा. साठ की आठ, हे विचारायला त्या समोर आहेत तोवर विचारून घ्यावे.

कल्याणच्या भगिनींनी पुढच्या जुम्म्याआधी एवढेच करावे : मढच्या घरी कॉल न लावता दोन मिनिटांचे रेकॉर्डिंग, समोर एक गोधडी, पंखा बंद, ब्लूटूथ बाजूला आणि कपाटातला जुना मोबाइल चार्ज करून तयार. खर्च शून्य आहे. त्यानंतरही खरखर उरली तर ती दोन मिनिटांची फाइल कशी ऐकू येते ते सविस्तर लिहून कळवा. घुमते, तुटते, बसते की घरघरते, यापैकी एक शब्द पत्रात असला तरी उत्तर देणे सोपे जाईल.